ज्या कपड्याला दिवसभर हात लावावा लागत नाही

यंदा जूनच्या तोंडावर आलेल्या पत्रांत कपड्यांविषयीची पत्रं जास्त आहेत. निकाल लागले, नोकऱ्या लागल्या, आणि पहिल्या दिवशी काय घालायचं हे घरात कुणाला विचारायचं तेच कळत नाही, अशी बऱ्याच जणांची अडचण दिसते. मी स्वतः २७ वर्षं काउंटरवर काढली. पहिली ४ एसटी स्टँडजवळच्या एका लॉजवर, बाकीची सगळी कोल्हापूर शहरातल्या एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पहिलं पत्र जरा सविस्तर घेते.

प्रश्न : ताई, माझं वय २२, बी.कॉम. झालंय. आमचं गाव कळ्याजवळ. राजारामपुरीतल्या एका हॉस्पिटलात रिसेप्शनिस्ट म्हणून १ तारखेला हजर व्हायचंय. युनिफॉर्म नाही, ‘डिसेंट कपडे घालून या’ एवढंच सांगितलंय. माझ्याकडे कॉलेजचे जीन्स-टॉप आहेत आणि लग्नकार्याचे दोन भारी ड्रेस. मधलं काहीच नाही. आईनं दुधाच्या बिलातून ३००० रुपये साठवून दिलेत. एसटीनं ये-जा करणार आहे. मैत्रीण म्हणते ब्लेझर घे, छाप पडते. काय घेऊ?
— एक वाचक, पन्हाळा तालुका

उत्तर : पोरी, पैसे मोडायच्या आधी एक काम कर. एकदा त्या हॉस्पिटलात जा आणि बाकावर अर्धा तास नुसती बस. कुणी हटकणार नाही, तिथं रोज कितीतरी माणसं तशीच बसलेली असतात. आता काउंटरवर जी आहे तिनं काय घातलंय ते बघ. सिस्टरांच्या कपड्यांचा रंग कोणता, एसी आहे का पंखा, काउंटर छातीएवढा उंच आहे का साधं टेबल, बसायला खुर्ची आहे का दिवसभर उभंच राहायचंय, हेही बघून ठेव. ‘डिसेंट’ म्हणजे नक्की काय, हे सांगणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही, पण अर्ध्या तासात तुला ते डोळ्यांनी कळेल. शिवाय ऑफिसात सरळ विचार, ‘मॅडम, जीन्स चालते का? ओढणी लागते का?’ विचारण्यात कमीपणा कसला? न विचारता घेतलं आणि ‘हे चालणार नाही’ म्हणाले, तर आईचे पैसे पाण्यात.

सिस्टरांचा रंग मुद्दाम बघायला सांगितला. त्यांचा पांढरा असेल तर तू पांढरा घालू नकोस, आकाशी असेल तर आकाशी नको. नाहीतर दर दहा मिनिटांनी कुणीतरी धावत येऊन म्हणणार, ‘सिस्टर, सलाईन संपलंय.’ त्या घाबऱ्या माणसाला ‘मी नव्हे, तिकडं जा’ म्हणून परत पाठवावं लागतं. त्याचा वेळ जातो आणि त्याचं तोंड उतरतं. मला ते फार लागायचं.

आता कपडा. माझी कसोटी एकच आहे : दिवसभरात त्याला हात लावावा लागता कामा नये. गळा वर ओढायचा, टॉप खाली ओढायचा, ओढणी सारखी खांद्यावर टाकायची, बाही सरळ करायची, हे ज्या कपड्यात करावं लागतं तो कपडा कितीही सुंदर असला तरी काउंटरचा नाही. तुझा एक हात फोनवर असतो, दुसरा कीबोर्डवर, आणि डोळे समोरच्या माणसावर हवेत.

हे मी कशी शिकले ते सांगते. हॉस्पिटलात लागून मला दुसरं वर्ष होतं. त्या दिवशी शिफॉनची लांब ओढणी घेतली होती, एका खांद्यावर मोकळी सोडलेली. खुर्ची चाकांची. दुपारी अपघाताची केस आली. केसपेपर काढायला मी झटकन उठले आणि मानेला असा हिसका बसला की परत खुर्चीतच आपटले. ओढणीचं टोक चाकात गुंडाळलं होतं. समोर जखमी मुलाचा बाप उभा होता, शर्टावर रक्त होतं त्याच्या. तो माणूस काउंटरला वळसा घालून आला आणि गुडघ्यावर बसून माझी ओढणी सोडवायला लागला. तेव्हा त्याला केसपेपर हवा होता, आणि माझ्या ओढणीनं त्याला खाली बसवलं. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की पोटात कालवतं. ओढणी घ्यायचीच असेल तर दोन्ही खांद्यांना पिन लाव आणि टोकं मांडीवर राहतील एवढीच लांबी ठेव. ओढणीशिवाय चालत असेल तर कुर्त्यावर बिनबाह्यांची कोटी उत्तम.

घरी आरशासमोर खुर्ची मांडून बस. खाली पडलेलं पेन उचलायला वाक. वरच्या कप्प्यातली फाइल काढतेस तसा हात वर ने. मागं वळून कुणाला हाक मार. एवढ्यात जिथं जिथं कपडा सावरावासा वाटला, तिथं शिंप्याला सांगून दुरुस्ती करून घे. बहुतेक वेळा मुंढा, म्हणजे काखेजवळचा भाग, घट्ट असतो, नाहीतर गळा पुढून खोल असतो. काउंटर उंच असेल तर समोरचा माणूस उभा आणि तू बसलेली असतेस, म्हणून गळा उभ्यानं ठीक वाटला तरी वरून कसा दिसतो ते बहिणीला उभं करून विचार. बाही कोपराच्या थोडी खाली ठेव. आणि उजव्या शिवणीत एक खिसा नक्की करून घे. किल्ली, पेन, बसचे सुटे पैसे, सगळं अंगावर राहतं. शिंपी कुरकुरतो, पण करून देतो.

रंगाचं सांगते. एकदा भुदरगडकडची एक आजी आली. अंगावर इरकल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्टांची गुंडाळी. हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं, तीन खिडक्या, भिंतीवर पाट्याच पाट्या. ती दाराशी थांबून सगळीकडं बघत होती, आणि मग सरळ माझ्याकडं आली. काम झाल्यावर म्हणाली, ‘कुणाला इचारावं कळंना झालतं बाई. तुझं ह्ये हिरवं लांबनं दिसलं, म्हनून आलो.’ त्या दिवशी मी गडद हिरवा, बिननक्षीचा कुर्ता घातला होता. तिला पाटी वाचता येत नव्हती, पण रंग दिसला. तेव्हापासून बारीक फुलांचं, चट्ट्यापट्ट्याचं मी काउंटरवर घालणं सोडलं. एकरंगी, जरा गडद, भिंतीच्या रंगाहून वेगळा. मोरपंखी, मरून, गडद निळा, बाटली-हिरवा, मातकट पिवळा. तुझ्या कपड्यांवरून कुणाला तू सापडलीस, तर तो कपडा कामाचा.

म्हणून ब्लेझर नको. मैत्रिणीला वाईट वाटू देऊ नकोस, तिनं चांगल्या मनानं सांगितलं. पण ब्लेझरमध्ये हात वर जात नाही, पावसात भिजला तर दोन दिवस वाळत नाही, आणि एकट्या त्यातच तुझे निम्म्याहून जास्त पैसे संपतील.

खरेदीला गांधीनगरला जा, पण आईला किंवा शिवणकाम कळणाऱ्या कुणाला तरी घेऊन. तिथं ठोक बाजार असला तरी बरीच दुकानं सुटं कापडही देतात. आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचार. ३६ इंच आणि ४४ इंच पन्ह्यात एका कुर्त्यामागं पाव-अर्धा मीटरचा फरक पडतो आणि पैशांचाही. कापडाचा कोपरा मुठीत घट्ट दाब, दहापर्यंत मोज आणि सोड. चुण्या तशाच राहिल्या तर खुर्चीत दोन तास बसल्यावर पाठीमागं तेच होणार. शुद्ध सुती उन्हाळ्यात सुखाचं, पण कामाला जाडसर विणीचं किंवा थोडं मिश्रण असलेलं बरं. पांढरा रुमाल ओला करून कापडावर घास, रंग उतरला तर ठेवून दे. आणि सुती कापड शिंप्याकडे देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळव, म्हणजे शिवल्यावर आटणार नाही.

३००० रुपयांत तीन कुर्ते आणि दोन गडद पँटी शिलाईसकट दोन-सव्वादोन हजारांत बसव. भाव करायला लाजू नकोस. उरलेले चपलेला. तीन कुर्ते कमी वाटतील, पण आठवड्याला दोनदा एकच कुर्ता घातला तर काउंटरवर येणाऱ्या कुणाच्याही लक्षात येत नाही, कारण रोज माणसं वेगळी. चौथा कुर्ता पहिल्या पगारातून.

पाऊस हा तुझा खरा प्रश्न आहे. गगनबावड्याच्या रस्त्याचा पाऊस तुला मी सांगायला नको. एसटीत बसतानाच पँटचा खालचा वीतभर भाग चिखलानं भरलेला असतो. म्हणून सप्टेंबर संपेपर्यंत फिकट पँट नकोच. जाताना रबरी चप्पल घाल, आणि कामावर घालायची कोरडी जोडी, एक जादा पँट आणि छोटा टॉवेल असं एका पिशवीत घालून काउंटरच्या कप्प्यात कायमचं ठेव. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पाणी आलं, शिरोलीजवळ हायवे बंद झाला, आणि आम्ही काही जणी हॉस्पिटलातच अडकलो. माझ्याकडे अंगावरचा एक आणि कप्प्यातला एक असे दोनच कुर्ते होते. रात्री एक धुवायचा, पंख्याखाली टाकायचा, सकाळी घालायचा. लवकर वाळणारं कापड काय कामाला येतं ते त्या दिवसांत कळलं.

चपलेबद्दल. कोल्हापुरीचा मला फार अभिमान आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या मिळून आठ जिल्ह्यांना, तेव्हा चप्पल लाईनीतल्या माझ्या ओळखीच्या कारागिराला मी पेढे नेऊन दिले. पण हॉस्पिटलात ती घालू नकोस. कातडी तळ फिनेल मारलेल्या फरशीवर सटकतो, पावसात भिजला की फुगतो, आणि नव्या जोडीची करकर रात्री वॉर्डात झोपलेल्या माणसापर्यंत जाते. कोल्हापुरी हॉटेलात, ऑफिसात, लग्नात. इथं मागं पट्टा असलेली, रबरी तळाची, आवाज न करणारी घे.

दोन गोष्टी राहिल्या. हॉस्पिटलात अत्तर, सेंट, मोगऱ्याचा गजरा नको. किमोचे पेशंट आणि गरोदर बायका, दोघींनाही वासानं मळमळतं, आणि ते तुला सांगत नाहीत, तोंड फिरवून बसतात. आणि बांगड्या एका हातात दोनच, नाहीतर टाइप करताना फोनवर पलीकडच्याला खणखणाट ऐकू येतो.

तुझे कॉलेजचे टॉप फेकू नकोस. त्यातले दोन-तीन लांब, एकरंगी असतील तर पहिला महिना तेही चालतील.

प्रश्न : ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला लागलोय. वय २४. तीन महिन्यांनी युनिफॉर्म मिळेल, तोपर्यंत स्वतःचे कपडे. पांढरा शर्ट, काळी पँट सांगितलीय. दाढी ठेवली तर चालेल का? आणि दिवसभर उभं राहून पाय भरून येतात.
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : दाढीचं मॅनेजरांना विचार. ठेवायला हरकत नसेल तर दर चार दिवसांनी न्हाव्याकडे जाऊन गळ्याखालची रेघ नीट करून घे. वाढलेली दाढी आणि ठेवलेली दाढी पाहुण्याला लांबूनही वेगळी कळते.

पांढरे शर्ट तीन घे, एकाच मापाचे, आणि आत बिनबाह्यांचा बनियन घाल. घाम कॉलरला आणि काखेत पिवळा धरतो, म्हणून आल्या आल्या शर्ट पाण्यात टाक, रविवारची वाट बघू नकोस. डब्यात तांबडा रस्सा असेल त्या दिवशी जेवताना छातीवर नॅपकिन लाव. तर्रीचा थेंब पांढऱ्यावरून पुरता जात नाही, आणि संध्याकाळी चेक-इनला येणारी माणसं आधी तोच डाग बघतील.

पायांचं तुझं खरं आहे. बूट एक नंबर मोठे घे आणि आत मऊ सोल टाक, संध्याकाळी पाय सुजतात त्याला जागा हवी. मोजे सहा जोड, रोज धुतलेले. पण नुसत्या बुटावर हे सोडू नकोस. काउंटरमागं एक उंच स्टूल ठेवा असं सगळ्यांनी मिळून मॅनेजरांना सांगा. केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानांत काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावीच लागेल असा कायदा केला. आपल्याकडच्या काउंटरवरही ती असावी असं मला फार वाटतं. पाहुणा समोर नसताना पाच मिनिटं टेकलं म्हणून हॉटेलची शान कमी होत नाही.

प्रश्न : मी एका शोरूमच्या फ्रंट डेस्कवर दोन वर्षं आहे. आम्ही १४ जण काम करतो. मालकांचे भाऊ येता-जाता माझ्या कपड्यांवर बोलतात. ‘जरा फिटिंगचं घाल, गिऱ्हाईक थांबलं पाहिजे.’ परवा तर सगळ्यांसमोर अंगावरून नजर फिरवत बोलले. घरी सांगितलं तर नोकरी सोड म्हणतील. माझ्याच कपड्यांत काही चुकतंय का?
— नाव नको

उत्तर : नाही. तुमच्या कपड्यांत काही चुकलेलं नाही, हे आधी मनात पक्कं करा.

शोरूमला पोशाखाचा नियम करायचा अधिकार आहे. तो सगळ्यांना सारखा असावा, आधी सांगितलेला असावा, आणि कपड्यांबद्दल असावा. ‘उद्यापासून सगळ्यांनी निळा कुर्ता घाला’ हा नियम झाला. ‘फिटिंगचं घाल’ म्हणत अंगावरून नजर फिरवणं हा नियम नव्हे, तो त्रास आहे. २०१३ च्या कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात असं नको असलेलं बोलणं आणि वागणं येतं. जिथं १० किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तुमच्याकडे १४ आहेत. समिती नसेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिची माहिती जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मिळेल. तक्रार लेखी लागते आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते, म्हणून दिवस मोजा.

आजच एक वही करा. तारीख, वेळ, काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत, तिथं कोण कोण होतं. परवाचं आधी लिहा. एका तरी सहकाऱ्याला विश्वासात घ्या. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तिथं फोन करून नुसतं विचारलं तरी चालतं. आणि घरी आईला सांगून बघाच. ‘नोकरी सोड’ म्हणाली तर हे पान तिच्यासमोर ठेवा. चूक त्याची असताना पगार तुमचा का बुडावा?

प्रश्न : वय ४४. मुलं मोठी झाली, आता एका पतसंस्थेच्या चौकशी खिडकीवर काम मिळालंय. मी साडीच नेसते. मुलगी म्हणते ड्रेस घाल, साडीत काम होत नाही. साडी चालेल का?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : चालेल काय, शोभेल. ठेवीची पावती घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना साडीतली बाई बघून धीर येतो, हे मी अनुभवलंय. मुलीचं एवढंच ऐका की साडी कामाची हवी. कडक खळ घातलेली नको, ती दुपारपर्यंत मोडते. जरीची नको, काठ टेबलाच्या कडेला घासून विरतो. एकरंगी सुती-मिश्र, बारीक काठाची घ्या. पदराच्या निऱ्या नेटक्या घालून खांद्यावर एक पिन, आतून ब्लाउजला एक, आणि कमरेच्या निऱ्यांना एक, अशा तीन पिना लावा. चौथी पर्सच्या पट्ट्याला अडकवून ठेवा, कधीतरी दुसरीला द्यावी लागते. ब्लाउजच्या काखेत दीड-दोन इंच कापड आत ठेवायला सांगा, बसून काम सुरू झालं की अंग थोडं भरतं आणि मग सगळे ब्लाउज नव्यानं शिवावे लागत नाहीत. साडीला फॉल असू द्याच, खुर्चीच्या चाकाशी खालचा काठ तोच वाचवतो.

नवरात्रात सगळ्याजणी नऊ दिवसांचे नऊ रंग नेसतील. त्यासाठी नव्या साड्या घेऊ नका. जावा-बहिणींत अदलाबदल करा, आमच्या काउंटरवर आम्ही वर्षानुवर्षं तेच केलं. एका वर्षी करड्या रंगाची एकच साडी तिघींनी तीन पाळ्यांत नेसली होती, पाळी संपली की खोलीत बदलून पुढचीच्या हातात द्यायची.